"मी एवढी काळी कुठंय गं? आणि माझी लिंबं कुठं गेली?"

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई पुण्याच्या, वय 32, विमा कंपनीत नोकरी. गेली तीन वर्षं रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन मंडई आणि जुना बाजार पालथा घालतात. कुणाला थांबवायचं नाही, हसायला सांगायचं नाही, जे घडतंय ते टिपायचं, ही त्यांची 'कॅन्डिड' पद्धत. गेल्या वर्षापासून त्यांना एडिटिंगचा नाद लागलाय. फोटो कृष्णधवल करायचा, ब्लॅक्स, म्हणजे सगळ्यात गडद भाग, पार खाली दाबायचे, चेहऱ्यावर क्लॅरिटी, म्हणजे बारकाव्यांचा उठाव, वाढवायची, वर जाडसर ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे दाणे, पेरायचा. कधी रंगीत ठेवलाच तर सावल्यांत हिरवट झाक आणि बाकी सगळं नारिंगी. असे फोटो लोकांना आवडतायत, लाईक्स तिपटीनं वाढलेत. पण त्यांच्या फोटोवॉकच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ सदस्य सगळ्यांसमोर म्हणाले, "हे फोटो नाहीत, ही चित्रं आहेत. कॅन्डिडमध्ये एवढी लुडबूड करायची तर सरळ ब्रश हातात घ्या." दुसरा एक मित्र म्हणतो, तुला तुझी शैली सापडलीय, आता सोडू नकोस. बाईंचा प्रश्न: एवढं एडिट केलेला कॅन्डिड फोटो खोटा असतो का? मर्यादा कुठं घालायची? की हे सगळं बंद करू?

आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, दोन ओळी. मंडईबाहेर लिंबं-कोथिंबीर विकणाऱ्या एका मावशींना बाईंनी मावशींचाच फोटो प्रिंट काढून दिला. मावशींनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मी एवढी काळी कुठंय गं? आणि माझी लिंबं कुठं गेली?" बाई हसल्या, काहीतरी बोलून सटकल्या. त्यानंतर त्या बाजूला गेलेल्या नाहीत.

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. ज्येष्ठ सदस्यांवर तुम्ही चार पानं खर्च केलीत आणि मावशींवर दोन ओळी. मी उत्तरात हा हिशेब उलटा करणार आहे, पण ज्येष्ठांना आधी वाटेला लावू, कारण त्यांचं बोलणं तुम्हाला फार लागलेलं दिसतंय.

त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कुठंतरी एक मूळ, सोवळ्यातला फोटो असतो आणि एडिटिंगनं तो बाटतो. असा फोटो मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही. तुमच्या कॅमेऱ्यातली रॉ फाईल काहीही न करता उघडून बघा. फिकी, सपाट, मळकट. ती फोटो नसतेच मुळी, सेन्सरच्या प्रत्येक खणात किती उजेड पडला त्याची नोंदवही असते. कॅमेरा आपणहून जी जेपेग काढून देतो तिच्यात काळं किती काळं असावं, कातडी किती गुलाबी दिसावी, हे कंपनीतल्या कुणा इंजिनियरनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आणि मोबाईलची तर गोष्टच सोडा. तुम्ही एकदा बटण दाबता, तो भराभर चार-सहा फोटो घेतो आणि त्यांची भेळ करून एक तुमच्या हातात देतो. ज्येष्ठ सदस्य 'जसंच्या तसं' म्हणून सकाळी ग्रुपवर जे टाकतात ना, त्यावरही असा हात फिरलेला असतो. त्यांनी फिरवलेला नसतो, एवढंच.

माझ्या मामाचा सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्या डार्करूममध्ये लुडबुडायचो. कपाटात कागदाची पाकिटं नंबरवार रचलेली असायची. एक नंबरचा कागद मऊ, चार नंबरचा हार्ड. निगेटिव्ह तीच, पण चार नंबरवर काढली की आकाश गडगडायला लागायचं. चेहरा फार काळा येतोय वाटलं तर मामा तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात हलवत धरायचा, तेवढा भाग उजळ राहायचा. कोपरे गडद करायचे असले तर दोन्ही हातांची ओंजळ करून मधला भाग झाकायचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याला डॉज आणि बर्न म्हणतात ते हेच. मामाला ते इंग्रजी शब्द माहीत नव्हते, तो 'हात देणं' म्हणायचा.

थोरामोठ्यांचं बघायचं तर क्षण पकडण्याच्या कलेत ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतात ते आंरी कार्तिए-ब्रेसाँ चौकट कापायच्या सक्त विरोधात. तरी डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा 1932 चा तो जगप्रसिद्ध फोटो कापलेला आहे, डाव्या बाजूला कुंपणाची फळी आडवी येत होती म्हणून. रघुबीर सिंग यांनी गंगेकाठचं आणि मुंबईतलं जे रंगांनी ओसंडणारं जग दाखवलं ते कोडॅक्रोम या रंगीत फिल्मचं जग होतं. प्रोसेसिंगनंतर काही केलं नसलं तरी फिल्म निवडली तिथंच रंगांचा कौल लागला होता. रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनचा 1995 चा फोटो आठवा. शटर मंद ठेवल्यामुळे गर्दी पाण्यासारखी वाहतेय आणि पेपर वाचणारी माणसं तेवढी खांबासारखी उभी. गर्दी डोळ्यांना अशी कधीच दिसत नाही. तो फोटो खोटा आहे, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि तुमचं घराणं तर थेट जपानमधलं आहे, तुम्हाला माहीत असो वा नसो. 1968 साली तोक्योत काही तरुणांनी 'प्रोव्होक' नावाचं मासिक काढलं. तीनच अंक निघाले. दाइदो मोरियामा दुसऱ्या अंकापासून त्यात आले. त्यांच्या फोटोंचं वर्णन तीन शब्दांत करतात: आरे, बुरे, बोके. म्हणजे खरखरीत, हललेलं, फोकसबाहेरचं. काळं इतकं काळं की त्यात रस्ता बुडून जावा, पांढरं इतकं पांढरं की कागद उघडा पडावा. तेव्हा, मॅडम, ब्लॅक्स दाबणं हे पाप असेल तर ते तुमच्या आधी बऱ्याच जणांनी केलेलं आहे आणि चांगलं केलेलं आहे.

ज्येष्ठांना मात्र मी पूर्ण निकालात काढणार नाही. त्यांना बोचतंय ते वेगळंच काहीतरी आहे, ते त्यांना नीट मांडता आलं नाही. कॅन्डिड म्हटलं की बघणाऱ्याला एक न बोललेला शब्द दिलेला असतो: हे घडलं, मी घडवलं नाही. हा शब्द मोडतो कधी?

एक प्रकरण मला नेहमी उपयोगी पडतं. 2010 च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एका युक्रेनियन छायाचित्रकाराला क्रीडा विभागात तिसरं बक्षीस मिळालं आणि नंतर काढून घेतलं. मूळ फोटो त्यानं रंगीत काढला होता. तो कापून निम्म्याहून लहान केला, कृष्णधवल केला, कडा काळवंडल्या, ग्रेन चढवला. जवळजवळ तुमचीच पाककृती. यातल्या कशाबद्दलही त्याला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पायाचा चिमुकला तुकडा त्यानं पुसला म्हणून. फोटो कापल्यानंतर तो तुकडा अंगठ्याच्या नखाएवढाही दिसला नसता. प्रसिद्ध अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करींचंही तसंच. 2016 मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात त्यांच्या क्यूबाच्या फोटोतला खांब धडपणे जोडलेला नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मग जुने फोटो लोक भिंगातून बघायला लागले. मग त्यांना म्हणावं लागलं, मी बातमीदार नाही, चित्रांतून गोष्टी सांगणारा आहे. डार्करूमवाले सगळे साधुसंत होते असंही समजू नका. युजीन स्मिथसारख्या नावाजलेल्या छायाचित्रकारानं 1954 मध्ये आफ्रिकेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या फोटोत दुसऱ्या निगेटिव्हमधून करवतीची मूठ आणि एक हात आणून बसवला होता.

यावरून बहुतेक जण एक सोयीची रेघ ओढतात. उजेड-अंधार, रंग, ग्रेन, कापाकापी चालेल. वस्तू आणणं किंवा पुसणं चालणार नाही. मीही बरीच वर्षं विद्यार्थ्यांना हीच रेघ सांगत आलो. तुमच्या मावशींनी ती पुसली.

कारण बघा. तुम्ही सॉफ्टवेअरमधला वस्तू पुसायचा क्लोनचा शिक्का घेऊन त्यांच्या पुढ्यातली लिंबं एकेक करून मिटवली असती, तर रात्री तुम्हाला झोप आली नसती. ब्लॅक्सचा स्लायडर डावीकडे ढकलला आणि लिंबं त्याच्याबरोबर गेली, तर काहीच वाटलं नाही. मावशींच्या बाजूनं दोन्हींत फरक काय? लिंबं होती, आता नाहीत. गंमत म्हणजे वर्ल्ड प्रेसच्या नियमांतही हे आहे. काळोख किंवा कॉन्ट्रास्ट वाढवून पार्श्वभूमी, वस्तू, माणसं दिसेनाशी केली तर तेही चालत नाही. अंधार हाही खोडरबर आहे, हे त्यांना बऱ्याच भांडणांनंतर समजलं, मावशींना एका नजरेत.

लिंबं नेमकी कशी गेली, हेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी हात तिथं जाताना थबकेल. माझा अंदाज आहे की तुम्ही कृष्णधवल करताना रंगांच्या स्लायडरमध्ये नारिंगी आणि पिवळा खाली ओढता, कारण त्यानं चेहरा एकदम कोरीव, धातूसारखा दिसतो. आपल्या सगळ्यांची कातडी, गोरी असो, गव्हाळ असो की सावळी, रंगांच्या चक्रात नारिंगीच्या आसपासच असते. नारिंगी खाली म्हणजे माणूस खाली. आणि पिवळा खाली म्हणजे लिंबं, केळी, हळद, झेंडू, मंडईतला निम्मा माल खाली. त्यावर ब्लॅक्स दाबले, कडा काळवंडल्या, संपलं. भरीला एक भर: तुमच्या लॅपटॉपचा पडदा बहुतेक पूर्ण उजेडावर ठेवलेला असणार. अशा पडद्यावर जे जेमतेम दिसतं ते कागदावर मिटतं, प्रिंट नेहमी एक पायरी गडद येतो. म्हणजे तुम्ही स्क्रीनवर पाहिलेल्या मावशी आणि मावशींनी हातात धरलेल्या मावशी वेगळ्या होत्या. हा तुमचा गुन्हा नाही, पण प्रिंट देण्याआधी तो एकदा दिवसाउजेडात बघायला हवा होता.

हे झालं यंत्राचं. 'काळी' या शब्दाचं काय करायचं?

पुन्हा मामाकडे जाऊ. त्याच्याकडे टचिंगचं काम मोठं होतं. निगेटिव्हवर कडक शिशाची, सुईसारखी टोकदार पेन्सिल अलगद फिरवायची, जिथं फिरवली ती जागा प्रिंटमध्ये उजळ येते. सुरकुत्या, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं असं सगळं तो भरून काढायचा. लग्नाच्या मुलींचे दाखवायचे फोटो असले की तो कुणाला विचारायचाही नाही, सगळ्यांना एकाच माळेचं गोरेपण द्यायचा. एकदा एक मुलगी आईबरोबर फोटो न्यायला आली. आई खूश. मुलगी म्हणाली, "ही मी नाही." मामा म्हणाला, "अगं, छान दिसतेयस." ती म्हणाली, "छान दिसतेय, पण मी नाही." आईनं पैसे दिले, दोघी गेल्या. मामा त्या दिवशी जेवला नाही, असं मामी सांगायची. मामी जरा तिखटमीठ लावून सांगायची, पण तरी.

त्याच मामाकडे एक म्हातारी विधवा बाई यायची. नवऱ्याचा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी बारशाच्या घोळक्यातला. त्यातून चेहरा मोठा करून पाण्याच्या रंगांनी रंगवून हवा होता. मामानं विचारलं, कोटाचा रंग कुठला होता? बाई म्हणाली, "होता तो विटका. तुम्ही निळा करा. आणि फेटा गुलाबी." असा कोट त्या माणसानं जन्मात घातला नव्हता. फोटो धडधडीत खोटा झाला आणि कुणाचीही फसवणूक झाली नाही. ती बाई तो छातीशी धरून घेऊन गेली.

मला या दोघींमध्ये तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. निळा कोट तिनं मागितला होता. गोरेपण त्या मुलीनं मागितलं नव्हतं, आणि तुमच्या मावशींनी काळेपण मागितलं नव्हतं. कॅन्डिडमध्ये माणसाला विचारून फोटो काढता येत नाही, मान्य, विचारलं की तो क्षण मेला. पण म्हणून एडिटिंगच्या टेबलावर त्या माणसाचं वकीलपत्र घेणारं कुणीच नसतं. तिथं तुम्ही एकट्या असता. स्टुडिओत निदान गिऱ्हाईक काउंटरवर भांडू शकायचं.

आता लगेच असं करू नका की मावशींना उजळ करून नवा प्रिंट काढला. मामाची चूक तुमच्या चुकीला औषध नाही. आपल्याकडे 'काळी' हा शब्द नुसता छटा सांगत नाही. तो मुलीच्या जन्मापासून कुणी ना कुणी वापरत असतं, कधी लाडानं, बहुतेक वेळा नाही. मावशींना तो आयुष्यात किती वेळा ऐकावा लागला असेल ते तुम्हाला-मला ठाऊक नाही. तुमच्या कलेत तो 'मूड' होता, त्यांच्या हातात आल्यावर तो शेरा झाला. त्यांना स्वतःचा जो रंग आहे तो हवा होता. आणि लिंबं. मला वाटतं लिंबं जास्त. माणूस फोटोत आपला धंदा शोधतो. पहाटे उठून माल आणायचा, निवडायचा, चकचकीत पुसून त्याचे वाटे मांडायचे, आणि फोटोत नुसतं एक सुरकुतलेलं थोबाड!

सुरकुत्यांवरून आठवलं. क्लॅरिटीचा स्लायडर पन्नासच्या पुढे नेला की कुणाच्याही कातडीची भेगाळलेली जमीन होते. एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमच्या ऑफिसातले साहेब निवृत्त होतील तेव्हा निरोपसमारंभाचा फोटो तुम्ही असा एडिट कराल? नाही ना? मग मंडईतल्या, जुन्या बाजारातल्या, फुटपाथवरच्या चेहऱ्यांनाच तो का लागतो? कष्ट दिसावेत म्हणून, असं तुम्ही म्हणाल. कष्ट वाट्यांत दिसतात, हातांत दिसतात, मान ज्या बाजूला कलते तिच्यात दिसतात. ते दिसण्यासाठी चेहरा नांगरायची गरज नसते. हा रोग तुमच्या एकटीचा नाही, स्पर्धांच्या भिंती अशा म्हाताऱ्यांनी भरलेल्या असतात, आणि परीक्षक म्हणून मीही त्यांना गुण दिलेले आहेत.

मित्र म्हणतो ती शैली सापडण्याची गोष्ट राहिली. शैली सापडली की प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारा तयार साचा, सापडला, हे तपासायचा माझ्याकडे एक स्वस्त उपाय आहे. गेल्या वर्षातले तुमचे सगळ्यात गाजलेले बारा फोटो घ्या. त्यांच्या मूळ फाईली अजिबात न सजवता, फक्त उजेड ठीक करून, कोपऱ्यावरच्या लॅबमधून चार बाय सहाचे साधे प्रिंट काढा. जेवणाच्या टेबलावर मांडा. त्यातले जे साध्या कपड्यांतही उभे राहतात, ते तुमचे फोटो. जे कोसळतात, त्यांच्याजवळ जरा थांबा, कारण ते तुम्हाला जास्त शिकवतील. बहुतेकांत असं दिसेल की मागे फ्लेक्स होता, निळी ताडपत्री होती, कुणाची तरी ॲक्टिव्हा अर्धी आत आली होती, आणि हा सगळा पसारा तुम्ही काळ्यात गाडलात. जागेवर दोन पावलं डावीकडे सरकून, गुडघा टेकून, किंवा अर्धा मिनिट थांबून जे सुटलं असतं ते घरी येऊन स्लायडरनं सोडवलंत. हळूहळू डोळा आळशी होतो. मागचं बघायचंच सोडून देतो, काळं करता येतं म्हटल्यावर.

'प्रोव्होक'वाल्यांच्या अंधाराला कारण होतं. विद्यार्थ्यांच्या आंदोलनांनी शहरं पेटलेली, आणि गुळगुळीत, नेटक्या फोटोंच्या भाषेत हे सांगताच येत नाही, असं त्यांना वाटत होतं. तुमच्या अंधाराचं कारण काय? मंडईतली सकाळ तर काही अंधारी नसते. 1886 ची ती दगडी इमारत, उंच छप्पर, खाली भाज्यांचे ढीग, त्यावर तिरका उजेड. तिथं तुम्हाला रात्र का दिसते? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. खरंच दिसत असेल, आणि का ते तुम्ही स्वतःला दोन वाक्यांत सांगू शकत असाल, तर माझं आणि ज्येष्ठांचं दोघांचंही ऐकू नका. आणखी काळं करा. 'लोकांना आवडतं' हे मात्र त्या दोन वाक्यांत चालणार नाही. मोबाईलच्या टीचभर पडद्यावर अंगठ्याखालून सरकताना भडक कॉन्ट्रास्ट आधी डोळ्यांत भरतो. त्यात फोटोच्या बऱ्यावाईटाचा संबंध थोडा.

तेव्हा बंद करू नका. प्रयोग करायला जागा बदला, असं मी सुचवेन. जुन्या बाजारातलं गंजकं लोखंड, साखळ्या, मोडकी घड्याळं, मशीनचे सुटे भाग, त्यांवरून फिरणारे हात. हे सगळं तुमच्या खरखरीत, काळ्या पद्धतीला आनंदानं साथ देईल, आणि पान्याला कुणी काळा म्हटलं तर त्याला वाईट वाटणार नाही. माणसं असू देत, पण आकृती म्हणून, सावली म्हणून, पाठमोरी. वीस-पंचवीस फोटोंची एकच मालिका करा, तिला एकच रीत लावा आणि शेवटपर्यंत ताणा. रविवारी एका फोटोला हिरवट, पुढच्या रविवारी दुसऱ्याला नारिंगी, हे मला खरं सांगायचं तर चव घेत फिरणं वाटतं. लहान मुलं, झोपलेली माणसं, दारू प्यालेली माणसं, यांच्यावर मात्र कुठलीच जालीम रीत लावू नका. त्यांचे फोटो मुळात काढावेत का, हाच वेगळा विचार आहे.

घरी बसून काम करायची माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. फोटो काढल्यावर किमान पंधरा दिवस हात लावायचा नाही, त्या सकाळची नशा उतरू द्यायची. रॉमध्येच काढायचं, कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या जेमतेम 256 पायऱ्या असतात आणि ताणली की आकाशाला पट्टे पडतात, तर चौदा बिटच्या रॉमध्ये सोळा हजारांवर. आधी रंगीत फोटोच नीट लावायचा, त्यात माणसाचा चेहरा आणि त्याच्या हातातलं काम दोन्ही वाचता येतंय ना ते बघायचं, आणि मगच कृष्णधवल करायचं. अंधार सगळीकडे एकदम ओतायचा नाही, मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, जिथं हवा तिथंच, मामाच्या पुठ्ठ्याच्या टिकलीसारखा. नारिंगीला शक्यतो हात लावायचा नाही. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणायचा. संपलं असं वाटलं की मूळ फाईल शेजारी उघडायची आणि एकच बघायचं: या माणसाच्या दृष्टीनं इथून काय हरवलं? ग्रेन कितीही घाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

हे सगळं फोटो कुठं जातोय त्यावरही आहे. वर्तमानपत्राला, बातमीला, संस्थेच्या अहवालाला फोटो द्यायचा असेल तर हे प्रयोग पूर्ण बाजूला ठेवा. स्पर्धेला पाठवताना नियम शेवटपर्यंत वाचा आणि मूळ फाईल कधीही पुसू नका, ती मागतात. प्रदर्शनात किंवा तुमच्या पानावर लावताना खाली एक ओळ लिहायला काय हरकत आहे: मंडई, कॅन्डिड, डिजिटल डार्करूममध्ये बरंच काम केलेलं. बघणारा तेवढ्यानं पळून जात नाही.

जाता जाता, असंच लिहिणाऱ्या आणखी तिघा-चौघांसाठी. सोमवतीला जेजुरीला जाऊन भंडाऱ्याचे फोटो काढता आणि घरी आल्यावर पिवळा आणखी वाढवता, त्यांना माझं एकच विचारणं आहे. गडावर अख्खं आभाळ हळदीचं झालेलं असताना तुम्हाला ते कमी का पडलं? तिथला पिवळा इतका वर नेलाय सगळ्यांनी की परवा एकानं हात न लावलेला फोटो दाखवला तर लोक म्हणाले, रंग फिका आलाय.

आता मावशी. या रविवारी नको, रविवारी त्यांना गिऱ्हाइकांतून मान वर करायला वेळ नसतो. मधल्या वारी, दुपारी तीनच्या सुमाराला जा. त्या दिवशीच्या फाईलीतून रंगीत प्रिंट काढून न्या, ज्यात त्या जशा आहेत तशा आहेत आणि लिंबांचे वाटे मोजता येतात. तुमचा काळा प्रिंटही बरोबर असू दे, पण पिशवीत. त्यांनी विचारलं तर दाखवा आणि सांगा की हा मी माझ्यासाठी केला होता. त्या काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित म्हणतील हा पण राहू दे. कदाचित म्हणतील हा फाडून टाक. फाड म्हणाल्या तर त्यांच्यासमोर फाडा आणि तुमच्या पानावरूनही काढा, लाईक्स किती का असेनात. आणि प्रिंट मॅट कागदावर काढा. ग्लॉसीवर कोथिंबिरीचे ओले हात लागले की ठसे उठतात, आणि त्या तो चार जणींना दाखवणार.